जाहिरातीतल्या पाहुण्या

मराठी जाहिरातीतल्या सुरुवातीच्या लोकप्रिय स्त्री-चेहऱ्यांपैकी एक चेहरा पुरुषाचा होता. गायकनट बालगंधर्वांची (१८८८–१९६७) स्त्रीवेषातली छायाचित्रे साबण, टॉयलेट पावडर, औषधी टॉनिक अशा वस्तू विकण्यासाठी वापरली जात. त्यांच्या रुक्मिणी आणि भामिनी या भूमिका पाहून आलेल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, तसेच दागिने घडवून घेऊ लागल्या. देवासला राहून गायक कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम उभा केला, तो गाण्याचा शोध होता. मला इथे मात्र त्या चेहऱ्याच्या बाजारातल्या प्रवासाकडे पाहायचे आहे. कारण त्या पावडरीच्या जाहिरातीत थट्टा नव्हती. हे रूप सुंदर आहे, असे रूप तुम्हालाही हवे असेल, एवढेच ती सांगत होती.

हे इतके सहज कसे खपले? खेळ संपला की बालगंधर्व शालू उतरवून पुरुष म्हणून घरी जाणार, याची प्रेक्षकाला खात्री होती. आमच्या माळव्यातल्या माच या लोकनाट्यातही स्त्रीपात्रे पुरुषच करत आले, त्यावर गावाने कधी भुवई उंचावली नाही. जिला पुन्हा पुरुष व्हायचेच नाही, जिच्यासाठी साडी हा वेषच नाही, अशी व्यक्ती समोर आली की मात्र तोच समाज बिथरतो. जाहिरात या कलेची आजची अवस्था मला याच ठिकाणी अडकलेली दिसते. वेषांतर तिला चालते, ओळख तिला अवघड जाते.

वेषांतराचा आजचा उपयोग मुख्यतः हशासाठी होतो. 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमाच्या मंचावर साडीतले पुरुष कलाकार आणि चित्रपटांचे प्रमोशन वर्षानुवर्षे हातात हात घालून चालले. त्या कलाकारांचे कसब मोठे आहे, यात शंका नाही. पण बालगंधर्वांच्या साडीकडे लोक आदराने पाहत, इथे साडी नेसलेला पुरुष दिसताक्षणी हशा सुरू होतो. देवास जिल्ह्यातल्या सतवाससारख्या गावातल्या एखाद्या मुलाला आपण मुलगी आहोत असे आतून वाटत असेल, तर मोबाइलवर स्वतःसारखे पहिले माणूस त्याला असे, हसण्यावारी नेलेले भेटते. हे मला फार लागते.

गंभीर प्रयत्न गेल्या दशकभरातले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्यानंतर कंपन्यांनाही धीर आला. २०१६ मध्ये रेड लेबल चहाने 'सिक्स पॅक बँड' आणला. तृतीयपंथी गायिकांच्या या बँडला कान लायन्स या जाहिरात महोत्सवात ग्लास लायन गटातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. गाणी आनंदी होती, चेहरे खरे होते. तरीही टाळी, गाणे आणि नाच ही समाजाने त्यांना आधीच नेमून दिलेली कामे. बँडने ती सन्मानाने मांडली, पण चौकट तीच राहिली.

२०१७ ची विक्सची जाहिरात याहून पुष्कळ खोल आहे. दिग्दर्शक 'मसान'चे नीरज घेवान. मुंबईच्या कार्यकर्त्या गौरी सावंत त्यात स्वतःचीच भूमिका करतात. बसमध्ये बसलेली मुलगी आपल्या आईविषयी बोलते, आणि ती आई कोण हे कॅमेरा बराच वेळ दाखवत नाही. मुलीला वकील व्हायचे आहे, कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले हक्क आईला मिळत नाहीत. मी ती जेव्हा पाहतो तेव्हा हलतो. आणि तरी माझी तक्रार आहे. आईचा चेहरा लपवून मग उघड करणे, म्हणजे तिचे असणे हाच धक्का ठरवणे. प्रेक्षकाने आधी मातृत्वाला पसंती द्यायची, मग माणसाला. सावंत यांचे आईपण इतके भक्कम आहे की त्याला या युक्तीची गरज नव्हती. त्या पहिल्याच दृश्यात समोर दिसल्या असत्या तरी जाहिरात तेवढीच उभी राहिली असती, असे मला वाटते.

केरळच्या भीमा ज्वेलर्सची २०२१ ची जाहिरात मला म्हणूनच वरची वाटते. मीरा सिंघानिया रेहानी या तृतीयपंथी तरुणीने तिच्यातली नायिका साकारली. मिसरूड फुटलेल्या वयापासून नवरी होईपर्यंत घरची माणसेच तिच्या अंगावर दागिने चढवतात. इथे विकायची वस्तू आणि सांगायची गोष्ट एकच आहे. आपल्याकडे मुलीला सोने देणे म्हणजे तिला मुलगी म्हणून मानणे, आणि हे मराठी घरालाही समजावून सांगावे लागत नाही. शेवट लग्नात आणि देखणेपणात होतो, ही तिची मर्यादा. सावळी, उंच, जाड्या आवाजाची, लग्न न करणारी बाई अजून वाट पाहते आहे.

२०२३ मध्ये स्टारबक्सच्या जाहिरातीत वडिलांनी आपल्या तृतीयपंथी मुलीसाठी 'अर्पिता' या नावाने कॉफी मागवली, आणि समाजमाध्यमांवर बहिष्काराच्या हाका उठल्या. त्याच वर्षी रवी जाधव यांनी 'ताली' या वेब मालिकेतून गौरी सावंत यांचे आयुष्य पडद्यावर आणले. जाहिरात क्षेत्रातून आलेल्या या दिग्दर्शकाने आधी 'नटरंग'मध्ये नाच्याची आणि 'बालगंधर्व'मध्ये गायकनटाची कहाणी सांगितली होती. या विषयाकडे इतक्या वेळा परतलेला दिग्दर्शक मराठीत दुसरा मला आठवत नाही. पण 'ताली'तही मुख्य भूमिका तृतीयपंथी कलाकाराला न मिळता सुश्मिता सेन यांना गेली.

जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये आपली संहिता बदलली, आता लिंगओळखीवरून कुणाची खिल्ली उडवणारी जाहिरात नियमात बसत नाही. हे आवश्यकच होते. पण नियम फक्त थट्टा रोखू शकतो. या सगळ्या जाहिरातींत तृतीयपंथी व्यक्ती पाहुणी म्हणून येते, आपली कथा सांगते, आपल्याला रडवते आणि जाते. घरातली म्हणून ती येत नाही. २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात तृतीयपंथीयांच्या किन्नर आखाड्याची मिरवणूक पाहायला लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते, तेही असेच दुरून. मला हवी आहे ती कुकरच्या शिट्टीला कंटाळलेली, विम्याचा हप्ता विचारणारी, खताच्या दुकानात भावावरून वाद घालणारी तृतीयपंथी बाई, जिच्याबद्दल जाहिरात काहीच समजावून सांगत नाही. तिला पडद्यावर आणायचे तर संहिता लिहिणाऱ्यांत आणि दिग्दर्शनाच्या खुर्चीतही तिच्यातल्या कुणीतरी बसायला हवे, आणि त्या कामाचे पूर्ण पैसे त्यांना मिळायला हवेत.