जुना लॅपटॉप : पिढी पाहावी की खाचा?

शाळेसाठी वापरलेला लॅपटॉप घ्यायला गेले की विक्रेता पहिल्यांदा प्रोसेसरची ‘जनरेशन’ सांगतो. आकडा मोठा तितके यंत्र चांगले, असा हा सोपा हिशेब. तो कितपत खरा आहे हे लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेतील तीन भावंडांवरून तपासून पाहू : एक्स-२२० (२०११), एक्स-२३० (२०१२) आणि एक्स-२४० (२०१३). तिघांचाही पडदा साडेबारा इंचांचा आहे.

एक्स-२२० मध्ये दुसऱ्या पिढीचा, तर एक्स-२३० मध्ये तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. ट्रान्झिस्टर ३२ नॅनोमीटरवरून २२ वर आले, पण रोजच्या कामातला वेग थोडाच वाढला. चित्रे हाताळण्याची क्षमता आणि यूएसबी ३ ही एक्स-२३० ची खरी कमाई. त्या बदल्यात सात ओळींचा जुना कळफलक गेला. खूप टंकलेखन करणाऱ्यांना त्याची हळहळ अजून वाटते.

एक्स-२४० मध्ये चौथ्या पिढीचा प्रोसेसर आला. आधीच्या दोघांची उष्णतामर्यादा ३५ वॅट होती, याची १५. त्यामुळे बॅटरी जास्त पुरते. अधिक सुस्पष्ट पडद्याचा पर्यायही मिळाला. मात्र मेमरीच्या दोन खाचांची एकच झाली आणि टचपॅडवरची वेगळी बटणे नाहीशी झाली. ती २०१५ च्या एक्स-२५० मध्ये परत आली, यातच या बदलाची कबुली आहे.

तेव्हा प्रवासात वापरायचा असेल तर एक्स-२४० घ्यावा. वर्गात टेबलावर ठेवायचा असेल तर माझी पसंती एक्स-२३० ला. दोन खाचांत मेमरी भरता येते. फिरती हार्ड डिस्क काढून सॉलिड स्टेट डिस्क बसवली, तर जुने यंत्र लक्षणीय चपळ होते. बॅटरीही बाहेरून बदलता येते.

पिढीचा आकडा अगदी निरर्थक आहे, असे मात्र नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून आहेत. म्हणजे वरच्या तिन्ही यंत्रांवर लिनक्स वापरण्याची तयारी हवी. ती नसेल तर ही यंत्रे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. आठव्या पिढीचा एक्स-२८० (२०१८) घ्यावा, तर त्यात मेमरी मुख्य पटलावरच डाखलेली असते. खरेदीच्या दिवशी जेवढी असेल तेवढीच कायमची.

म्हणून दुकानात पिढीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : मेमरीच्या खाचा किती? डिस्क बदलता येते का? बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आज किती उरली आहे? समजा, ६० वॅट-तासांच्या बॅटरीत ३० उरले आणि यंत्र सरासरी १० वॅट घेते. तर ती तीनच तास चालेल. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येते. खरेदीला जाताना त्याला सोबत न्यायला हरकत नाही.