गुप्तीचं वय

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर काकांनी माळ्यावरून काढलेली एक काठी दाखवली. शिसवी, वर पितळी मूठ. मूठ फिरवून ओढली आणि आतून हातभर लांब, गंजलेलं पातं बाहेर आलं. "तुझ्या पणजोबांची गुप्ती. इथं कुणाला काय किंमत? तूच घेऊन जा. तुला जुन्या वस्तूंचं वेड आहे."

वेड आहे हे खरं. ब्रिस्टलमधल्या माझ्या खोलीत तीन अडकित्ते, एक विळी आणि रविवारच्या जुन्या बाजारांतून जमवलेले डझनभर चाकू आहेत. म्हणून मी काकांना "बघते" म्हणाले आणि कायदा वाचायला बसले. तो वाचून जे सापडलं त्याबद्दल हे लिहिते आहे, कारण अशी एखादी वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या माळ्यावर असेल.

ब्रिटनमध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याखाली काही हत्यारांची यादी आहे. ती विकायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत, देशात आणायची नाहीत. २०१९ च्या कायद्यातली नवी तरतूद १४ जुलै २०२१ पासून लागू झाली आणि तेव्हापासून ती घरात ठेवणंही गुन्हा आहे. यादी वाचताना मराठी माणसाला ओळखीचे चेहरे भेटतात. पोकळ काठीत पातं लपवलेलं हत्यार, म्हणजे गुप्तीच. हाताभोवती बसणारी आणि अणकुचीदार काटे बाहेर आलेली पट्टी, म्हणजे वाघनखांची सख्खी बहीण. मुठीत धरून खुपसायचा खंजीरही आहे. कट्यारीचं पातं बोटांमधून नव्हे तर मुठीच्या वरून निघतं, त्यामुळे ती या व्याख्येत बसते का यावर वाद घालता येईल. पण तो वाद पोलीस चौकीत घालायची माझी तयारी नाही.

यादीला एक सूट आहे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुराणवस्तू, आणि मग बंदी नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बाळगणाऱ्याची.

आता भारताची बाजू. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कारागिरीचं मोल असलेली, शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'हा पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा लागतो.

दोन्ही कायदे शेजारी ठेवा. गुप्ती १९२० ची असेल तर भारत ती बाहेर जाऊ देणार नाही. १९३५ ची असेल तर ब्रिटन ती आत येऊ देणार नाही. पुरातत्त्व खात्याचा दाखला मिळाला, तर तोच दाखला इथल्या कस्टम्ससमोर माझ्याविरुद्धचा पुरावा! हे काही कुणी ठरवून केलेलं नाही. एक कायदा लुटीच्या आठवणीतून आला, दुसरा रस्त्यावरच्या रक्तातून. पण परिणाम असा की ब्रिटनमध्ये जी जुनी मराठी हत्यारं निर्धास्तपणे कपाटात आहेत, ती बहुतेक १९७२ च्या आधी इथे पोहोचलेली. त्यांतली किती कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या पेट्यांतून आली असतील, हे वेगळं सांगायला नको. ज्याच्या पूर्वजाने ती तेव्हा नेली, त्याच्या वंशजाला सूट. जिच्या पूर्वजाने ती घरीच ठेवली, तिला नाही.

पुराव्याचं म्हणाल, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखं पाहा. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याच्याकडची ही वस्तू त्याच्या वंशजाने संग्रहालयाला दिली. सोबतच्या पेटीवरचा मजकूर सांगतो की याच नखांनी शिवाजीने मोगल सरदाराला मारलं आणि पेशव्याच्या पंतप्रधानाने ती ग्रँट डफला दिली. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा होता, मोगलांचा नव्हे. आणि पेशवा हाच मुळात पंतप्रधान. दोन वाक्यांत दोन ठळक चुका. ही तीच वाघनखं आहेत याची खात्री देता येत नाही, असं संग्रहालयानेही म्हटलं आहे. तरी ती तीन वर्षांच्या बोलीवर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली आणि सरकारी थाटात मांडली गेली. पेटी सुबक असली की तिच्यावरच्या चुकाही खपतात. माझ्या काकांच्या काठीला पेटीच नाही.

इथवर संग्राहकाची तक्रार झाली. ती मला पटते, पण पूर्ण नाही.

जानेवारी २०२४ मध्ये याच शहरात, नोल वेस्टमध्ये, सोळा आणि पंधरा वर्षांच्या दोन मित्रांना घराजवळ गाठून मारलं. मारेकऱ्यांनी त्यांना दुसरंच कुणी समजलं होतं. मारणाऱ्यांतही शाळकरी वयाची मुलं होती. त्या आठवड्यात बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई मोबाइलवरची बातमी वाचून रडत होती. तेव्हा 'आम्हा छंदी लोकांवर अन्याय' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.

पण मग कायद्याला विचारायचं ते हे, की तो त्या मुलांपर्यंत पोहोचतो का? २०१६ मध्ये 'झॉम्बी नाइफ'वर बंदी आली. व्याख्येत हिंसेचं चित्र किंवा शब्द असण्याची अट होती. चित्र नसलेलं तसंच पातं त्यातून सुटत होतं. ती फट बुजवायला सप्टेंबर २०२४ उजाडावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'निन्जा' तलवारींची पाळी आली. प्रत्येक वेळी आकार मोजायचा, सिनेमातलं नाव द्यायचं, यादी वाढवायची. आणि इथल्या चाकूच्या खुनांत सर्वाधिक वेळा सापडते ती स्वयंपाकघरातली सुरी, जी कुठल्याच यादीत येऊ शकत नाही. भारताचे शस्त्रनियम घरगुती आणि शेतीच्या पात्यांना हेतू पाहून वगळतात. म्हणून ते शहाणे म्हणावेत, तर पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या आठवतात. आकार मोजा नाहीतर हेतू विचारा, फट राहतेच. यादी करायला सोपी, म्हणून यादी होते. त्या मुलांच्या हाती ते पातं का आलं, हा प्रश्न महागडा आहे.

एक प्रश्न आपल्यालाही आहे. आपण हत्याराच्या जुनेपणावर इतके खूश असतो की ते कशासाठी होतं हे विचारत नाही. गुप्ती हे लपवायचं हत्यार. समोरच्याला ती काठीच वाटली पाहिजे, यातच तिची कारागिरी. मी काकांना विचारलं, पणजोबांना ती कशाला लागायची?

"रात्री पाणी पाजायला जायचे ना रानात. बिबट्या, कुत्री."

आत्याला विचारलं तर ती थोडा वेळ गप्प बसली. "वसुलीला जायचे तेव्हा न्यायचे," म्हणाली. "सावकारी होती आपली. तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या दारी पणजोबा ती काठी टेकवत बसायचे, त्यांच्या घरात कदाचित अजून सांगत असतील.

गुप्ती मी आणणार नाही. काकांना म्हणाले, तिथेच राहू द्या, कुलपात. पण एका कागदावर तिची माहिती लिहा, तारखेसह, आणि तिच्याबरोबर ठेवा. त्यांनी अर्धं पान लिहून फोटो पाठवला. त्यात रान होतं, बिबट्या होता.

"काका, आत्याचंही लिहा," मी म्हणाले.

अजून दुसरा फोटो आलेला नाही.