जास्तीची एक धाव

तळहातात सहज मावेल असं एक चित्र माझ्याकडे आहे. 'बिग फन' बबलगमबरोबर मिळालेलं, १९८७ सालचं. दिवाळी तेव्हा विश्वचषकाच्या ऐन मध्यात आली होती. चित्राचे चारही कोपरे झिजून गोल झालेत, आणि दोन्ही बाजूंना मधोमध रबरबँडने खाल्लेली एकेक खाच आहे. रंग उतरलाय. पण माणूस ओळखू येतो. उंच, सडसडीत, डावा पाय पुढे, बॅट खांद्यावर गेलेली, नजर लांब कुठेतरी. दिलीप वेंगसरकर.

मी हे चित्र अनेकदा पाहिलंय, पण वाचलं असं म्हणता येईल ते अलीकडेच. कविता वाचतो तसं ते वाचता येतं असं माझं मत आहे. म्हणून हा लेख.

आधी पुढची बाजू. फटका मारून झालाय. चेंडू चौकटीत नाही. छायाचित्रकाराने कॅमेऱ्याची कळ क्षणभर उशिरा दाबली म्हणा, किंवा तो क्षण त्याने मुद्दाम निवडला म्हणा, पण या चित्रातली सगळी गंमत त्या गेलेल्या चेंडूत आहे. तो कुठे गेला हे फक्त वेंगसरकरांच्या नजरेवरून ताडायचं. ती नजर मिडऑनच्या डावी-उजवीकडे कुठे तरी रोखलेली आहे. त्यांच्या ड्राइव्हची हीच दिशा. हिसका नाही, अंग झोकणं नाही. पाठीचा कणा सरळ आणि बॅट चेंडूमागून शेवटपर्यंत जाऊ दिलेली. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठच्या तीन कसोटींत त्यांनी शतकं केली. पाहुण्या संघातल्या दुसऱ्या कुणालाही तिथे असं जमलेलं नव्हतं. त्या शतकांतलं आम्ही काही पाहिलं नव्हतं. रेडिओवर कानांनी ऐकलं होतं आणि वर्तमानपत्रातल्या काळ्या-करड्या फोटोंत डोळ्यांनी शोधलं होतं. रंगीत वेंगसरकर आमच्या हाती प्रथम आले ते या चित्रातून.

रंगीत म्हणजे कसे? भिंग धरलं की चित्र विरघळतं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके उरतात. छपाईत गुलाबी रंग केसभर सरकलाय, त्यामुळे पॅडची कड दुहेरी दिसते. स्वस्तातल्या छपाईचा तो दोष आहे. पण लहानपणी मला ती दुहेरी कड म्हणजे हालचाल वाटायची. पाय नुकताच पुढे पडलाय आणि अजून थरथरतोय असं. आजही भिंग बाजूला ठेवलं की मला तसंच दिसतं, आणि ते चूक आहे असं म्हणायला मी तयार नाही. कपडे पांढरे आहेत, कारण विश्वचषकात रंगीत कपडे आले ते १९९२ साली. त्या पांढऱ्यावर आता आमच्या महाडच्या ओलीने तांबूस नक्षी काढली आहे.

खाली नाव. रोमन लिपीतलं. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि पुस्तकातले धडे परके वाटायचे. हे नाव मात्र मी अक्षर अक्षर लावत गेलो आणि शेवटी 'कर' सापडला तेव्हाचा आनंद अजून आठवतो. म्हणजे हा आपल्यातला. महाडकर, पोलादपूरकर असतात तसाच. पुढे कळलं की वेंगसरकरांचा जन्म राजापूरचा. आमच्या घराजवळून जाणारा मुंबई-गोवा रस्ता पोलादपूर ओलांडून कशेडी घाट चढतो, खेड, चिपळूण करत राजापूरला पोचतो. जगातला मोठा फलंदाज आणि मी एकाच रस्त्यावरचे, ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटली. अजूनही ती लहान वाटत नाही.

माझं आजोळ पोलादपूर. तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला एसटी जाते, आणि त्या वळणांवर पोरं हमखास ओकतात. म्हणून स्टँडवरच्या टपऱ्यांवर लिमलेटच्या गोळ्यांच्या, आवळासुपारीच्या, बबलगमच्या बरण्या. घाट चढायचा नसतानाही आम्ही मामाकडे घाटाचं निमित्त सांगून बबलगम मागायचो. गम दोन मिनिटांत बेचव व्हायचा. खरा ऐवज चित्र.

आणि त्या चित्राला मागची बाजू होती. तिथे आकडा छापलेला असे, धावांचा किंवा बळींचा. आकडे जमवायचे, ठरलेली बेरीज झाली की ती चित्रं द्यायची आणि बदल्यात एक चिमुकली वही घ्यायची. वहीची पानं अंगठ्याखालून सरसर सोडली की फलंदाज पुढे यायचा आणि फटका मारायचा. पुन्हा सोडली की पुन्हा मारायचा. टीव्ही गल्लीत एखाद्याकडे असण्याचे ते दिवस. खेळाडूला आपल्या मर्जीने हलवता येणं ही चैन होती.

या व्यवहारात चित्रांचं काय होत असे, याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. खेळाडूंच्या चित्रांचा छंद जगात जुना आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर पुढे चित्रं आली. मग तंबाखूच्या जागी च्युइंगम आला. बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२चं कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच्या दुर्मीळपणामागे एक गोष्ट सांगतात. न खपलेल्या कार्डांच्या पेट्याच्या पेट्या कंपनीने १९६०च्या सुमारास अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवल्या. तिथे समुद्राने गिळलं, इथे आमच्या हावेने. आम्ही गावस्कर दिले, कपिल दिले, श्रीकांत दिले आणि वही घेतली. वही महिन्याभरात फाटली. म्हणजे त्या काळातलं जे चित्र आज कुणाकडे शिल्लक असेल, ते बहुधा बेरजेत न बसलेलं. हिशेबाबाहेर राहिलेली धाव.

माझं चित्र तसंच उरलं, असं मी तेहतीस वर्षं मानत होतो.

मामा मुंबईला असे. १९८२च्या संपाआधी तो गिरणीत होता, संपानंतर मिळेल ते काम करत होता. त्या दिवाळीत परत जाताना त्याने माझा रबरबँड लावलेला गठ्ठा बरोबर नेला. मी बेरीज चार वेळा करून दिली होती. बरोब्बर भरत होती. शिमग्याला तो गावी आला तेव्हा त्याने वही दिली, आणि शर्टाच्या खिशातून हे चित्र काढून माझ्या हातावर ठेवलं.

"ही एक जास्त होत होती रे. ठेव तुला."

त्याच रात्री होळीवरून परतल्यावर ओटीवर आम्हा पोरांना त्याने मद्रासच्या सामन्याची गोष्ट सांगितली. ९ ऑक्टोबर १९८७, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. डीन जोन्सचा एक उंच फटका सीमेवर पडला, पंचांनी चौकार दिला. डाव संपल्यावर ऑस्ट्रेलियाने म्हटलं, तो षटकार होता. कपिलदेवने मान्य केलं. २६८च्या २७० झाल्या. आणि आपण २६९ला सर्वबाद, एक चेंडू राहिलेला असताना. एका धावेने हरलो. "कपिल नाही म्हणाला असता तर?" कुणीतरी विचारलं. मामा म्हणाला, "चेंडू जिथे पडला तिथेच पडला ना?" आणि बिडी विझवून आत झोपायला गेला. मी नवी वही फडफडवत बसलो होतो.

२२ जुलै २०२१ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. आमच्या घरात खालचं काही म्हणता काही राहिलं नाही. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं. त्यापुढे आपल्या वस्तूंचं दुःख तोंडाने काढू नये, आणि आम्ही ते काढलं नाही. चिखल उपसून झाल्यावर पोटमाळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. पाणी तिथवर पोचलं नव्हतं, ओल पोचली होती. वेंगसरकर पन्हळीसारखे वाकले होते. मी चित्र पालथं करून खिडकीत सुकायला ठेवलं, आणि तिरप्या उन्हात त्याची मागची बाजू आयुष्यात प्रथमच नीट पाहिली.

आकडा १ आहे. छापलेला, ठसठशीत. त्याच्या डावीकडे एक तिरकी आणि एक आडवी रेघ आहे. शिसपेन्सिलीची, आणि खोडरबराने खोडलेली. शिसं गेलंय, पण दाबून ओढलेल्या रेघेची चर कागदावर राहते. ओलीने कागद फुगला आणि ती वर आली. एकाच्या डावीकडे तिरकी आणि आडवी रेघ जोडली की इंग्रजी चार होतो.

तेव्हा सगळं आठवलं. आजोळच्या मागच्या पडवीत बसून मीच तो चार केला होता. नुसती हाव नव्हती; मला खरोखर अन्याय वाटला होता. चित्राची पुढची बाजू एवढा देखणा ड्राइव्ह दाखवते, आणि मागे एकच धाव? हा चेंडू सीमेपार गेलाच पाहिजे. आज रसिक म्हणून पाहताना मला त्या मुलाचं वाचन अगदीच टाकाऊ वाटत नाही. पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्याला दिसलं होतं. फक्त त्या न जुळण्यातच चित्राचा जीव आहे, हे त्याला दिसलं नव्हतं. सुंदर फटक्याला कधी कधी क्षेत्ररक्षक आडवा येतो आणि एकच धाव मिळते. त्या विश्वचषकाची मुंबईतली उपांत्य लढत आली, ५ नोव्हेंबरची, तेव्हा वेंगसरकर पोट बिघडल्यामुळे खेळूच शकले नाहीत. आपण ३५ धावांनी हरलो. त्यांच्या नावावर त्या दिवशी तीही एक लागली नाही.

पण खोडलं कुणी? मी नाही. माझ्या बेरजेत हे चित्र चार म्हणून धरलेलं होतं, आणि ते धरूनच बेरीज बरोब्बर भरत होती. म्हणजे हे चित्र काढून घेतल्यावर गठ्ठा चार धावांनी कमी पडायला हवा. तरीही वही आली.

काम पक्कं नसलेल्या त्या माणसाने मुंबईत कुठल्या तरी टपरीवर उभं राहून, चार धावा भरेपर्यंत बबलगम विकत घेतले असणार. तो गम त्याने खाल्ला असेल की कुणा पोराला वाटला असेल, कोण जाणे. मग खोडरबर कुणाकडून तरी मागून घेऊन चाराचा परत एक केला, आणि 'जास्त होत होती' म्हणून माझा मला दिला.

मामा २०१४ला गेला. चित्र आता मी काचेत बसवून घेतलंय, दोन्हीकडून काच असलेल्या चौकटीत. चौकटवाल्याने विचारलं, "मागे कशाला काच? मागे तर नुसता आकडा आहे." मी म्हटलं, मागूनच बघायचंय.