आकडा सुधारला; श्वास सुधारला का?

शाळेत श्वसन शिकवताना आपण ‘ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर’ एवढे सांगून थांबतो. आम्ल-आम्लारींचा धडा वेगळ्याच प्रकरणात येतो आणि उदासिनीकरणापाशी संपतो. या दोन धड्यांमधली भिंत निरुपद्रवी नाही. श्वसनक्रिया निकामी झालेल्या रोग्याच्या बाबतीत डॉक्टरांचीही तिथे फसगत झालेली आहे.

१९५२ सालची कोपनहेगनमधील पोलिओची साथ पाहा. ब्लेगडॅम रुग्णालयात सुरुवातीच्या आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेले आढळे. त्यावरून रक्त आम्लारिधर्मी झाले आहे, असा अर्थ लावला गेला. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांचे म्हणणे नेमके उलट होते. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून तो साठतो आहे आणि रक्त आम्लधर्मी झाले आहे, असे ते म्हणाले. २७ ऑगस्टला त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी आळीपाळीने अशा पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याखाली आले. सामू, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचे नाते समीकरणात मांडणारे हासेलबाल्क हे डेन्मार्कचेच. म्हणजे सूत्र ठाऊक होते. चूक झाली ती तीनपैकी एकच राशी पाहून निष्कर्ष काढण्यात.

रक्त आम्लधर्मी असेल तर सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, द्यावा असे सहज वाटते. या विचारातली उणीव वर्गातच दाखवता येते. बाटलीत लिंबाचा रस घेऊन त्यात खाण्याचा सोडा टाका आणि तोंडाला फुगा लावा. आम्ल कमी होते, पण फुगा फुगतो. तो वायू कार्बन डायऑक्साइडच आहे. धडधाकट माणूस तो उच्छ्वासावाटे टाकून देतो. ज्याची फुप्फुसे तेच काम करू शकत नाहीत, त्याच्या शरीरात आपण आणखी वायूची भर घालतो. शिवाय हा वायू पेशींत चटकन शिरतो, बायकार्बोनेट मात्र सावकाश. त्यामुळे रक्ताचा सामू सुधारलेला दिसत असताना पेशींच्या आत आम्लता वाढू शकते. सोडा सर्वस्वी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जुलाबात बायकार्बोनेट वाहून गेले असेल किंवा मूत्रपिंडे आम्ल टाकू शकत नसतील, तर त्याला स्थान आहे. दोष औषधाचा नसून कारण न पाहता ते देण्याचा आहे.

आकड्यांचा हट्ट सोडल्याचा फायदा २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसला. फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या ८६१ रोग्यांपैकी काहींना उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर, तर काहींना ६ मिलिलिटरच हवा प्रत्येक श्वासाला यंत्राने दिली. कमी हवा मिळालेल्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा अधिक होता आणि सामू थोडा उतरलेला होता. तरीही त्यांच्यातले मृत्यू ३१ टक्के होते, दुसऱ्या गटातले सुमारे ४० टक्के. फुप्फुसे फाजील ताणली न जाणे हे आकड्याच्या देखणेपणापेक्षा मोलाचे ठरले.

शरीर थंड करण्याच्या उपायामागचे तर्कशास्त्र अधिक भक्कम आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने उतरले की ऑक्सिजनची गरज आणि कार्बन डायऑक्साइडची निर्मिती साधारण ६ ते १० टक्क्यांनी घटते. फुप्फुसांची ताकद वाढत नाही, पण त्यांच्यावरचे ओझे हलके होते. मात्र रोग्याला हुडहुडी भरली तर स्नायूंच्या कामामुळे तेच ओझे वाढते. फार थंडावा दिल्यास रक्त गोठण्याची क्रिया, हृदयाची लय आणि जंतूंशी झुंजण्याची शक्ती बिघडू शकते. थंडीत आणि आम्लता घटल्यावर हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते, तो पेशींना सहज सोडत नाही. शिवाय थंड रक्तात वायू अधिक विरघळतो, त्यामुळे त्याचा दाब कमी होतो. बंद नळीतले रक्त नुसते थंड केले तरी दर अंशामागे सामू सुमारे ०.०१५ ने वाढतो. कोणताही रोग बरा न होता आकडा सुधारतो, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

म्हणून दोन्ही उपायांना एकच प्रश्न विचारावा. याने वायू बाहेर पडतो का, कमी तयार होतो का, की केवळ मोजमाप बदलते? सोडा रक्तातले आम्ल कमी करतो, पण वायू वाढवतो. थंडावा वायूची निर्मिती घटवतो, पण मोजमापही बदलतो. वायू प्रत्यक्ष बाहेर काढला तो कोपनहेगनमधल्या रबरी पिशवीने. वरच्या वर्गांत श्वसनाचा धडा घेताना फुग्याचा प्रयोग त्याच तासाला करावा आणि हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.