‘सामना’ : एक खुनाची गोष्ट

‘सामना’ हा राजकीय सिनेमा आहे, असं मला इतक्या जणांनी सांगितलं होतं की मी तो बरीच वर्षं टाळला. साखर कारखाना, गावची सत्ता, गांधीवादी मास्तर... परीक्षेला येणाऱ्या धड्यासारखं वाटायचं. मागच्या पावसाळ्यात घिवलीला घरी होतो. नेट गेलेलं, आणि फोनमध्ये आधीच उतरवलेला हा एकच सिनेमा. थोड्याच वेळात लक्षात आलं, अरे, ही तर सरळ खुनाची गोष्ट आहे!

गावात एक दारुडा म्हातारा येतो. तिथले सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील त्याला ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात. प्यायला जरा जास्तच. मग मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. फौजेतून आलेला माणूस. गावात होता, आता नाही. त्याचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत सुटतो.

नेहमीच्या रहस्यपटात खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवतात. इथे संशय कोणावर घ्यायचा हे आपल्याला लवकरच कळतं, तरी ताण सुटत नाही. कारण पुरावा म्हणून इथे ना रक्ताचा डाग, ना बोटांचे ठसे. नाव काढलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तोच पुरावा. आमच्या कामात एखादा बग ‘आमच्याकडे दिसत नाही’ म्हणून बंद करतात आणि एखादा चिवट टेस्टर तो रोज पुन्हा उघडतो. मास्तर तसला टेस्टर आहे, फक्त प्यायलेला.

हे सगळं फार थोड्या सामग्रीत उभं केलंय. निर्माते रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक. दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला दवाखाना असलेले डॉक्टर, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. कृष्णधवल चित्रण, मोजक्या जागा. पैसा नसल्याने कॅमेऱ्याला माणसांकडेच बघत बसावं लागतं, आणि माणसं आहेत निळू फुले आणि श्रीराम लागू! तेंडुलकरांनी त्यांना बोलायला भरपूर दिलंय, पण फुले गप्प राहून जास्त घाबरवतात. त्यांचा हिंदुराव मास्तरला खरोखर आवडून घेतो, हे सगळ्यात भीतीदायक. (लागू १९७२च्या ‘पिंजरा’तही मास्तरच होते आणि तिथे स्वतःच्याच खुनाच्या आरोपात अडकले होते. मराठी सिनेमात मास्तर होणं धोक्याचं!)

सगळंच जमलंय असं नाही. मधली गाणी तपासाचा वेग मारतात. पुढे पुढे भाषणं वाढतात. स्मिता पाटीलला इतकी छोटी भूमिका दिलेली पाहून आज चिडायला होतं. १९७५ला हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. तिथल्या लोकांना साखर कारखान्याचं राजकारण किती कळलं असेल? पण नाहीसा झालेला माणूस कळला असणार.

शेवट सांगत नाही. रहस्यपट आहे, नियम पाळतो.

काका शेजारी जाळं दुरुस्त करत अर्धवट ऐकत होते. सिनेमा संपल्यावर म्हणाले, “मास्तर बाहेरचा, म्हणून विचारू शकला. त्याला कुठे त्या गावात जन्म काढायचाय?”

मी काही बोललो नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात खाडीत मासे मरून वर आले होते. त्यावर गावात बैठक झाली, तेव्हा मीही होतो. कशामुळे झालं असेल याबद्दल प्रत्येकाचा काही ना काही अंदाज होता. पण निम्म्या घरांतून कोणीतरी बोईसरला कारखान्यात कामाला जातं. माझा सख्खा भाऊ जातो. चहा झाला, बैठक उठली.

रात्री ‘सामना’ पुन्हा लावला. या वेळी मास्तरकडे नाही, त्याने विचारल्यावर जे मान खाली घालतात त्यांच्याकडे बघत होतो.