बलुत्याची ओळ आणि गावाची वेस

सरंजामी समाजाचे वर्णन करताना मराठी समीक्षा सहसा उतरंडीची प्रतिमा योजते. मडक्यावर मडके, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. मराठी खेड्याच्या नित्य व्यवहाराकडे पाहिले तर ही प्रतिमा अपुरी ठरते. तेथे दोन क्रम एकाच वेळी नांदत होते आणि ते परस्परांशी जुळत नव्हते.

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत बारा बलुतेदारांच्या तीन ओळी नोंदल्या आहेत. थोरलीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. (याद्या प्रांतागणिक बदलतात, हे येथे गृहीत आहे.) हा खळ्यावरच्या धान्यवाट्याचा क्रम होय. नव्या मुंबईतल्या वर्गात आधी ‘खळे’ समजावून सांगावे लागते. कोकणातल्या मुलांना ते अंगण वाटते. मग मुले विचारतात, महार पहिल्या ओळीत आणि भट शेवटच्या, हे कसे? प्रश्न रास्त आहे. थोरल्या ओळीतल्या त्याच महाराचे घर वेशीबाहेर होते. खळ्याला त्याच्या श्रमाचे मोल कळत होते, वेस ते नाकारत होती. विषमतेचे मर्म वाट्याच्या मापात जेवढे आहे, त्याहून अधिक तो वाटा कोणी, कोठे उभे राहून, कसा घ्यायचा यात आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’कडे (१९१५) या दृष्टीने पुन्हा पाहावयास हवे. पुढच्या अनेक वाचकांनी या ग्रंथात सुखी, स्वयंपूर्ण खेडे शोधले. वस्तुतः महसुली कारभार जवळून पाहिलेल्या लेखकाचा हा ग्रंथ तक्रारीचा आहे. कुणब्याच्या राशीवर किती हात पडतात याचा हिशेब आत्रे कमालीच्या बारकाव्याने मांडतात. परंतु या हिशेबात खळे दिसते ते कुणब्याच्या बाजूने. हात पसरणाऱ्याला खळे कसे दिसत असेल, हा प्रश्न त्या गद्याच्या कक्षेत येत नाही.

हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने १९७२ च्या निबंधात दाखवले की बलुतेदार हा अमुक कुटुंबाचा नव्हे, तर सबंध गावाचा चाकर होता. समीक्षकाने यातून एक गोष्ट उचलावी: ज्याचा धनी ‘गाव’ आहे, त्याच्या धन्याला चेहरा नसतो. फुकाझावांच्या स्वतःच्या देशातही कागदावरचा क्रम आणि जगण्यातला क्रम वेगळे होते. एदो काळात सामुराईखालोखाल शेतकऱ्याला मान होता आणि व्यापारी तळाशी होता. पैसा मात्र व्यापाऱ्याकडे साठत गेला. ‘एता’ म्हणवले गेलेले लोक तर या चार वर्गांच्या बाहेरच होते. १८७१ च्या फर्मानाने तो दर्जा कायद्यातून गेला. समाजातून गेला नाही. शिमाझाकी तोसोन यांच्या ‘हाकाई’ (१९०६) या कादंबरीतला शिक्षक बापाच्या आज्ञेवरून आपला जन्म लपवतो.

दया पवारांच्या ‘बलुतं’शी (१९७८) तिची तुलना उद्बोधक ठरते. दोन्हीकडे माणूस दुभंगलेला आहे. तोसोनचा नायक उघड आणि लपलेला असा दुभंगतो, आणि त्याची कथा तृतीयपुरुषी निवेदक सांगतो. पवारांकडे दगडू मारुती पवार हा थेट दया पवारांशीच बोलू लागतो. हा निव्वळ तंत्राचा भाग नाही. ज्या गावात प्रत्येकाची ओळ खळ्यावर सर्वांदेखत ठरते, तेथे लपणे शक्यच नसते. ती मुभा शहर देऊ करते, आणि शहरी, शिकलेल्या नावाला जाब विचारायला गावचे नाव येते. ‘बलुतं’ला निव्वळ वेदनेचा दस्तऐवज मानणाऱ्यांनी या संवादरूपाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

या लेखनामागे ‘हक्क’ या शब्दाचा इतिहास आहे. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी आख्यायिका सांगितली जाई. म्हणजे राबणूक हक्काच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा सरकारइतकेच या शब्दाच्या मोहाशीही त्यांना झगडावे लागणार होते. १९५८ च्या कायद्याने जी ग्रामवतने रद्द झाली, त्यांना त्या कायद्याच्या नावातही ‘कनिष्ठ’च म्हटले आहे. पाटलांच्या वतनासाठी १९६२ चा वेगळा कायदा झाला.