लपून राहणारे आरोग्य

दिवाळीच्या दिवसांत आजारपणाचा विषय काढणे कुणाला अप्रशस्त वाटेल. पण ज्या घरी फराळाची ताटे मांडली जातात त्याच घराच्या आतल्या खोलीत पुष्कळदा कुणीतरी पथ्यावर असते. शिवाय ज्या पुस्तकाविषयी येथे लिहायचे आहे ते आजारापेक्षा आरोग्याविषयीच अधिक बोलते. हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन तत्त्वज्ञाचे हे पुस्तक १९९३ साली निघाले, तेव्हा लेखकाने वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी केली होती. मूळ नावाचा सरळ अर्थ 'आरोग्याच्या लपलेपणाविषयी'. १९९६ च्या इंग्रजी भाषांतराने या लपलेपणाचे 'कोडे' करून टाकले. हा फरक लहान नव्हे. कोडे सुटले की संपते. जे स्वभावतःच आड राहते ते सुटत नाही, त्याच्याशी जमवून घ्यावे लागते. गाडामरला म्हणायचे आहे ते हे दुसरे.

अर्थनिर्णयशास्त्र, म्हणजे हर्मेन्यूटिक्स, हा मुळात ग्रंथ कसे वाचावेत याचा विचार. धर्मग्रंथ, कायदा, जुने काव्य यांचा अर्थ लावताना वाचक कोऱ्या मनाने येत नाही; आपल्या समजुती घेऊन येतो, आणि ग्रंथ त्या समजुतींना विरोध करतो तेव्हाच खरे वाचन सुरू होते. 'सत्य आणि पद्धती' या १९६० च्या ग्रंथात गाडामरने हा विचार विस्ताराने मांडला. तो वैद्यकापर्यंत यावा यात नवल नाही. वडील औषधी-रसायनाचे प्राध्यापक. मुलाने तत्त्वज्ञानाची वाट धरली ती त्यांना रुचली नव्हती. स्वतः गाडामरला १९२२ साली, बाविसाव्या वर्षी, पोलिओ झाला. अंथरुणाला खिळणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

त्याचे मध्यवर्ती म्हणणे असे. आजार समोर येऊन उभा राहतो, आरोग्य मात्र दिसत नाही. दात दुखला की दाताची आठवण होते. एरवी आपल्याला दात आहेत हे ध्यानीही नसते. 'तुम्हाला आजारी वाटते काय?' असे विचारता येते. 'तुम्हाला निरोगी वाटते काय?' हा प्रश्न जवळजवळ हास्यास्पद ठरतो, असे तो म्हणतो. मराठी वाचक येथे किंचित थांबेल. आपण तर रोज उठून 'बरे आहे ना?' असे विचारतो! पण या प्रश्नाला नाडी तपासून कुणी उत्तर देत नाही. तो प्रश्न नव्हेच, सलगी आहे. म्हणजे गाडामरचे म्हणणे खोडले न जाता उलट पक्केच होते. आणि आपला 'स्वस्थ' हा शब्द पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ निरोगी. मराठी आई मुलाला 'स्वस्थ बैस' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ गडबड न करणे. निरोगी शरीर गडबड करीत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी गाडामरला प्रकरणे खर्चावी लागली.

मग वैद्य करतो काय? सुतार खुर्ची करतो. ती त्याच्यापासून वेगळी होऊन उभी राहते. वैद्य असे काहीच 'करीत' नाही. रोगी बरा झाला तर त्यात वैद्याचे किती आणि निसर्गाचे किती, हे कुणी सांगावे? दोघे मिळून करवत ओढतात त्या कामाचा दाखला गाडामर देतो. एकाने फार जोर केला की करवत अडकते. तोल हा जोराने येत नाही; योग्य वेळी हात सैल सोडण्याने येतो.

हा विचार कथेत पाहायचा असेल तर टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) हाती घ्यावी. इव्हान न्यायाधीश आहे. दुखणे गंभीर आहे की नाही, एवढेच त्याला हवे आहे. डॉक्टरच्या लेखी वाद आहे तो मूत्रपिंड की आंतडे याचा. आपण आरोपीशी जसे वागतो तसाच हा आपल्याशी वागतो आहे, हे इव्हानला उमगते. आणि त्याला समजून घेतो कोण, तर गेरासिम हा घरचा नोकर. त्याला निदान माहीत नाही. तो धन्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो आणि मालक मरणार आहे हे लपवीत नाही. 'उपचार' या अर्थाच्या जर्मन शब्दात 'हात' दडलेला आहे, याकडे गाडामर लक्ष वेधतो. गेरासिमची आठवण त्या पानावर झाल्यावाचून राहत नाही.

तथापि संवादाने सारे साधते असे कुणी समजू नये. गाडामर चार वर्षांचा असताना, १९०४ मध्ये, त्याची आई मधुमेहाने गेली. इन्शुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. त्या माउलीला कितीही समजूतदार वैद्य भेटता तरी तो तिला वाचवू शकला नसता. वाचविले असते ते मोजून-मापून दिलेल्या औषधाने. मापनाला गाडामर शत्रू मानीत नाही, हे खरे. पण त्याचे भक्त पुष्कळदा मानतात.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. प्लेटोने 'नियम' या संवादात दोन प्रकारचे वैद्य सांगितले आहेत: गुलामांचा वैद्य घाईने एकाकडून दुसऱ्याकडे धावतो, काही विचारीत नाही, हुकूम सोडतो, स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रोग्याशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो, त्याचे मन वळवल्याशिवाय औषध देत नाही. संवादाचा आदर्श तो हा. परंतु तो कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न गाडामर पुरेशा नेटाने विचारीत नाही. बाहेर पन्नास माणसे रांगेत बसली असता आतल्या डॉक्टरने करवत हलक्या हाताने ओढायची कशी? रात्र रात्र उशाशी बसणाऱ्या बाईचेही या पुस्तकात फारसे दर्शन होत नाही. 'काल त्यांनी भाताला हातच लावला नाही' हे डॉक्टरला सांगते ती. रोग्याचा पहिला अर्थ तीच लावते.

पुस्तकात १३ निबंध आहेत. बरेचसे मुळात व्याख्याने असल्यामुळे पुनरुक्ती पुष्कळ आहे. ज्यांना सगळे वाचवणार नाही त्यांनी बुद्धिमत्तेवरचा निबंध खुशाल सोडावा, उपचार आणि संवाद यांवरचा आधी वाचावा, आणि मग टॉलस्टॉय.